पद्मिनीच्या उकाड्याचं गाणं

पद्मिनीने नोकरी सोडली, गुरुनाथलाही सोडलं आणि आता ती गिटार घेऊन पबांमधून गात फिरते, ही बातमी नाताळच्या सुट्टीत डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या आमच्या वसाहतीत उठली आणि सिटीवेस्टपर्यंत पोचली. तिथून परत येईतो बातमीत एक डच मित्रही शिरला होता.

खरं होतं ते एवढंच. औषध कंपनीतल्या नोकरीतून पद्मिनीने हक्काची रजा काढली, शेजारच्या डेक्लनच्या शेडमध्ये बसून तिसरा अल्बम रेकॉर्ड केला आणि रोज संध्याकाळी घरी येऊन कुकर लावला. गुरुनाथ जागच्या जागी होता, सोफ्यावर. आणि डच मित्र म्हणजे हॉलंडमधल्या एका छोट्याशा ब्लूज महोत्सवाचा सत्तरीचा आयोजक. तो दर उन्हाळ्यात तिला गायला बोलावतो आणि बायकोच्या हातचं सूप पाजतो. आता सुपावर काय अफवा पिकणार?

मनातली कळ गाऊन मोकळी करणाऱ्या या ब्लूजच्या नादाला ती लागली भिंतीमुळे. जोडघरं, मधे एकच भिंत, आणि पलीकडे डेक्लन. तेव्हा तो बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी गिटार. आयर्लंडमधल्या पहिल्याच हिवाळ्यात पद्मिनी आवाजाची तक्रार करायला गेली, ती बऱ्याच वेळाने परत आली बोटांची टोकं लाल करून. आज तिच्या करंगळीत कोकम सरबताच्या बाटलीची कापलेली मान असते. ती काच तारांवरून घसरली की गिटार गात नाही, कुरकुरते. पद्मिनीला नेमकं तेच हवं असतं.

पहिले दोन अल्बम इंग्रजीत होते, म्हणून सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. त्यांत तिने नवऱ्याला, साहेबाला आणि एकदा तर देवालाही नको नको ते ऐकवलं होतं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका "किती गोड आवाज गं" म्हणत फेसबुकवर बदाम टाकत राहिल्या. तिसरा अल्बम मराठीत झाला आणि सगळ्यांना एकदम अर्थ कळला.

त्याचं प्रकाशन मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात करायचं ठरलं होतं. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटले जातात, यंदा अल्बम लुटायचा, ही कल्पना अध्यक्षा मृणालिनीताईंचीच. कल्पना सुचली तेव्हा त्यांनी गाणी ऐकलेली नव्हती. मग ऐकली. चौथ्या गाण्याला त्यांनी कानातले इअरफोन काढून ठेवले.

ल्यूकन सारं कुडकुडतंय, मला एकटीला उकडतंय,
ल्यूकन सारं कुडकुडतंय, मला एकटीला उकडतंय,
खिडकी जरा उघडली, तर नवऱ्याचं डोकं भडकतंय.

दुसऱ्या दिवशी ताई घरी आल्या. पाळी जायच्या वयातल्या गोष्टी बाईने डॉक्टरला सांगाव्यात, फार तर सख्ख्या बहिणीला. हळदीकुंकवाला, माइकवर, चारचौघांत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकीची सगळी गाणी म्हण, हे एक गाळ. गुरुनाथने लगेच त्यांची री ओढली. माझ्या प्लांटमधली मराठी मुलं येणार, सोमवारी कॅन्टीनमध्ये तोंड कसं दाखवू, हा त्याचा घोर. लेक रुचा डब्लिनी इंग्रजीत "इट्स ग्रँड, ममा", म्हणजे चालतंय की, एवढंच म्हणाली आणि चार्जर शोधत निघून गेली.

पद्मिनी आतून धुमसत होती. दोन वर्षं मीटिंगमध्ये टिश्यूने मान पुसत आणि "काही नाही, जरा थकलेय" म्हणत तिने काढली होती. जे कुणाजवळ बोलता आलं नाही ते एकदाचं आपल्या भाषेत बोलता आलं, ते याच गाण्यात. तेच गाळायचं तर मराठीत अल्बम केलाच कशाला? गाणं राहील, नाहीतर कार्यक्रमच नको, असं तिने सांगून टाकलं.

ताई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. मुरलेल्या अध्यक्षा त्या. त्यांनी पद्मिनीची वेळ बरोब्बर पावभाजी वाढायच्या वेळेला ठेवली.

झालंही त्यांच्या मनासारखं. अर्धा हॉल ताटं घेऊन रांगेत उभा, लहान पोरं खुर्च्यांखाली. पद्मिनीने करंगळीत काच चढवली आणि पहिली ओळ म्हटली. कुणी वळलं नाही. तिने तीच ओळ पुन्हा म्हटली, ब्लूजमध्ये म्हणतातच तशी. पण आपल्या लोकांना शाळेच्या गॅदरिंगची सवय. बाई शब्द विसरली असं वाटून पुढच्या रांगेने धीर द्यायला टाळ्या सुरू केल्या. कुणीतरी मागून मायेने म्हणालं, "असू दे असू दे, होतं असं."

पद्मिनीने तारांवर तळवा ठेवला. "मी विसरले नाहीये," ती माइकवर म्हणाली. "बाईचं पहिल्यांदा कुणी ऐकत नाही, म्हणून दोनदा म्हणायचं असतं."

पावभाजीची रांग तिथल्या तिथे थबकली. तिने गाणं पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदाची ओळ आली तेव्हा साडीच्या पदराने वारा घेणाऱ्या एका काकू तिच्याबरोबर गायला लागल्या, मग त्यांच्या शेजारची, मग तिसऱ्या रांगेतल्या दोघी. नवऱ्याच्या ओळीला असा हशा उसळला की गुरुनाथ कानापर्यंत लाल झाला. हातातली ताटली खुर्चीवर ठेवून तो उठला. आता हा घरी निघाला, असं सगळ्यांना वाटलं. त्याने जाऊन हॉलची खिडकी उघडली आणि तिथेच उभा राहिला. ल्यूकनचा जानेवारी सुसाट आत आला. एकाही बाईने ती बंद कर म्हटलं नाही.

वाण लुटून झाल्यावर मृणालिनीताई तिच्याजवळ आल्या. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, की बाकी सगळं छानच झालं, पण तेवढं एक गाणं पुरुष बसलेले असताना नको होतं.

पद्मिनी म्हणाली, "ताई, ते पुरुषांसाठीच होतं. बायकांना ते कुठे नव्याने सांगायचं होतं?"