गुड्डीचे कोरे गुडघे

सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या कामगारांच्या खोल्यांमध्ये कोंडाबाई संशयी म्हणूनच प्रसिद्ध होती. पारोळ्याहून आलेली, सुताच्या कारखान्यात राबणारी बाई. दूधवाल्याचं माप ती स्वतः धुऊन घ्यायची, आणि नवरा गेल्यापासून सख्ख्या भावाचं गोड बोलणंही तिला टोचायचं.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात तिला नवा घोर लागला. लेक गुड्डी शाळा सुटल्यावर सिल्वासाच्या मैदानावर खो-खो शिकायला जायची. शिकवणारा रमाकांत नाशिकचा, एका कारखान्यात इंजिनिअर. पैसा घेत नाही, ही पहिली शंका. दुसरी शेजारच्या वासंतीनं पेरली.

"माझी ज्योती शाळेत खेळते, तर रोज कोपरं सोलून येते. तुझीचे गुडघे नवरीसारखे. खेळतेच ना गं ती?"

"मग आणखी काय करंल?"

"मला काय माहीत बाई. पोर मोठी झाली, एवढंच म्हणते."

त्या संध्याकाळी कोंडाबाईनं गुड्डीचे गुडघे दिव्यापाशी धरून पाहिले. ना ओरखडा, ना खपली. "सर न सोलता पडायला शिकवतात," गुड्डी म्हणाली. पोर खोटं बोलत असेल तर शाळा बंद आणि रवानगी पारोळ्याला मावशीकडे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

"अंगणात पडून दाखव."

"खडी आहे, आई. सर म्हणतात, आधी माती भुसभुशीत करायची."

"वा. सरांनी उत्तरंही शिकवली वाटतं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली पाळी बदलून ती गुपचूप मैदानाच्या कुंपणाशी उभी राहिली. मुलींनी खांबाजवळची माती उकरून ठेवली होती. रमाकांत लांबूनच ओरडत होता, "छाती वर. गुडघे टेकायचे नाहीत. तळव्यांवर घसर." पुन्हा थांबवायचा, पुन्हा तेच. मग गुड्डी धावली, सूर मारून पळणारीच्या टाचेला शिवली आणि माती झटकत उठली.

कोंडाबाई सरळ आत शिरली. "इतके दिवस नुसतं पडायलाच शिकवता?"

"आधी पडायला, मग खेळायला. गुडघा गेला की खेळ संपला. मला हे कुणी शिकवलं नाही, माझा गेला."

तिला ते पटलं, सगळं नाही. गुड्डीची शाळा राहिली, खेळही राहिला. पण पुढे कितीतरी वर्षं, पाळी नसेल त्या संध्याकाळी, कोंडाबाई मैदानाच्या कडेला पोतं अंथरून बसायची. ती बसते म्हणून इतर आयाही मुलींना बिनघोर पाठवू लागल्या, वासंतीसुद्धा.

रमाकांतनं एकदा हसत विचारलं, "मावशी, काही सापडलं का?"

"सापडलं की सांगेन. तुम्ही शिकवा."