आधी तीनदा करून पाहा

आमच्या आत्याने उभा जन्म विजेचे मीटर तपासण्यात घालवला. खात्यात नवा आलेला पोरगा मीटर घेऊन तिच्याकडे आला, की ती मानही वर न करता म्हणायची, "तीनदा करून पाहिलंस? मग ये." पोरं वैतागायची, पण शिकायची. घरातही तोच खाक्या. साधं बरणीचं झाकण निघत नसलं, तरी तीनदा! मी तर तिला काही विचारणंच सोडून दिलं होतं.

निवृत्त झाल्यावर हातावर हात ठेवून बसणं तिला जमेना. जवळच्या शाळेला मुलांच्या अभ्यासात मदत करणारी माणसं हवी होती. ही दर शनिवारी तिथल्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसू लागली. तिच्या वाट्याला दहावीतली एक मुलगी आली. तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. हे असं का, ते तसंच का? आत्याने तिचं नावच शंकाबाई ठेवलं.

दर शंकेला आत्याचं तेच 'तीनदा' ऐकून हळूहळू शंकाबाई गप्प बसायला शिकली. ओठ चावत, खोडत, पुन्हा मांडत गणितं सोडवायची. आत्याला कोण कौतुक! "पोरगी आता कुणाच्या तोंडाकडे बघत नाही," असं येईल-जाईल त्याला सांगायची. दहावी झाली की तंत्रनिकेतनात जायचं, असं दोघींचं ठरलेलंच होतं.

परीक्षा तोंडावर आली आणि मुलगी टेबलाशी पेंगायला लागली. मग यायचीच बंद झाली. आत्याचा जीव खालीवर होत होता, पण मी "घरी जाऊन बघ ना" म्हटलं की म्हणायची, "अडलं तर येईल. मी शिकवलंय तिला."

ती आली, पण परीक्षा होऊन गेल्यावर. आत्याने दिलेली कंपासपेटी परत करायला. आमच्या दारातच उभी राहिली. आई अंथरुणाला खिळली होती. दिवसा आईपाशी कुणी नाही म्हणून वडिलांनी हिला शाळेतून काढलं होतं. आता सगळे काकांच्या गावी निघाले होते आणि ही त्यांच्या दुकानात उभी राहणार होती.

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?" आत्या कडाडली.

"तीनदा करून पाहत होते ना, आत्या. आजीला बोलावलं, तर तिला प्रवास झेपत नाही. शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्यांची नोकरी. मग बाबांना म्हटलं, पेपरांपुरते तरी घरी राहा. ते ओरडले. तोवर पेपर होऊन गेले." तिने कंपासपेटी पुढे केली. "आता विचारू का? माझं कुठे चुकलं?"

आत्याने पेटी हातात घेतली. "अगं, मी दिवसभर रिकामीच असते गं. तुझ्या आईपाशी मी बसले असते."

हे त्या पोरीच्या कधी मनातच आलं नव्हतं. "सामान गेलंसुद्धा, आत्या," ती हळूच म्हणाली. आत्याने कंपासपेटी पुन्हा तिच्या हातात कोंबली. जिना उतरून ती गेली.

आत्या अजून शनिवारी शाळेत जाते. पण कुणी काही विचारलं, की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर सांगून टाकते. शिक्षक कुरकुरतात, तुम्ही मुलांना सगळं आयतं देता. ती ऐकून घेते आणि पुढच्या मुलीकडे वळते. "तुझं काय अडलंय? सांग, लवकर सांग."