डिंडोलीचा रिकामा बसथांबा

मंडळी, आमच्या संशोधनाला निधी द्यायचा का, हे ठरवायला आज दोन साहेब डिंडोलीच्या बसथांब्यावर आले. भर उन्हातही लोकांनी इलेक्ट्रिक बस वापरावी यासाठी थांबे कसे हवेत, हा आमचा विषय.

"मॅडम, इथे प्रवासीच नाहीत," एक साहेब म्हणाले.

थोड्याच वेळात ऊन सोसेना, म्हणून दोघे समोरच्या साडीच्या गोदामाच्या सावलीत गेले. मीही गेले. तिथे आधीच जेवणाचे डबे घेऊन कामावर निघालेल्या बायकांची गर्दी होती. तेवढ्यात बस आली. थांबा रिकामा दिसला, ड्रायव्हर सरळ पुढे निघून गेला.

"रोजनंच शे," एक मावशी अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे हे रोजचंच आहे.

साहेबांनी घाम पुसत विचारलं, "पुढची बस कधी?"

"अर्ध्या तासाने," मी म्हणाले. "तोवर प्रवासी मोजू या का?"

तुमच्याकडचे प्रवासी खरं तर कुठे उभे असतात?