पोळ्याला थांबलेली लॉरी

कोपरगावहून मुंबईला निघालो तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आपल्या बैलगाडीत साखरेच्या पोत्यांवर बसवून स्टेशनला नेलं. माल पुढच्या बाजूला जास्त भरला गेला होता. "मागं सरक, बैलाच्या मानंवर वजन येतंय," म्हणाले. निरोपाचं बोलणं एवढंच. मी घर सोडतोय आणि यांना काळजी बैलांची, याचा मला भारी राग आला.

ते दिवस गाडीवाल्यांचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे बोटी फौजेकडे, पेट्रोल फौजेकडे. गावच्या कारखान्याची साखर स्टेशनवर न्यायला बैलगाडीशिवाय इलाज नव्हता आणि आण्णा मोठ्या रुबाबात होते. मी गोदीत फौजेच्या पेट्या उचलत होतो. लढाई संपली तशी धक्क्याला मालाच्या बोटी लागल्या, विलायती यंत्रं उतरू लागली, फौजेच्या जुन्या लॉऱ्या विक्रीला निघाल्या आणि मी हमालाचा ड्रायव्हर झालो. 'क्रेन', 'ट्रिप', 'डिलिव्हरी' तोंडात बसलं. गावी राहिलेले सोबती त्याला हसायचे. माझ्याबरोबर आलेले तसंच बोलायचे, त्यांना काय हसू येणार?

मग एकदा आमच्याच कारखान्याची यंत्रं माझ्या लॉरीत चढली. आनंद झाला आणि धास्तीही वाटली. लॉरी तिथे पोचली की उद्या पोतीही तिच्यातूनच जाणार, हे आण्णांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी मला दारात उभं केलं नाही तर?

आधी घरी पोचलो तो नेमका पोळा. शिंगं रंगवलेले बैल अंगणात उभे. आण्णांनी लॉरीभोवती फेरी मारली, टायर दाबून पाहिला.

"आता पोती हीच नेनार व्हय?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"नेऊ दे. ऊस आनायचा हाय की आमाला. शेताच्या चिखलात हिचं काय चालतंय?"

मला इतकं हलकं वाटलं की लगेच निघायला लागलो. "आण्णा, माल टाकून येतो. साहेब खोळंबलेत."

"आज बैल जुपत न्हाईत, तर हिला बी जुपायची न्हाई. उतर खाली."

लॉरीच्या मालकाची बोलणी खावी लागणार हे ठाऊक असून मी इंजिन बंद केलं. आण्णांनी उरलेला रंग बॉनेटला फासला, आईने तिलाही पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. सातासमुद्रापलीकडची यंत्रं दिवसभर आमच्या दारात बसून राहिली.

मुंबईत आता माझं बिऱ्हाड आहे, रेशनकार्ड आहे. कामावर चल म्हणणारे तिथे पुष्कळ. आज काम नाही, उतर खाली, असं हक्काने सांगणारं माणूस कोपरगावात आहे, म्हणून माझं घर अजून तिथेच आहे.