नंगनल्लूरची पांढरी सेडान

या ग्रुपवरचे अनुभव मी रोज जेवण झाल्यावर बडीशेप चघळत वाचते आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसते. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या गॅलरीत कुणी खाकरतं... मी आपली म्हणायची, लोकांची झोप पुरी होत नाही, दुसरं काय! भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. तरी लिहायला बसले, कारण माझ्या डोक्यातून ते जाईना. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, मीही इतकी वर्षं हसलेच आहे.

मी मूळची सांगलीची. लग्न झालं आणि चेन्नईला आले ती आले. आमचे हे इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला होते. तिथं गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे. आठवडाभर पत्रे वाजवून बघायचे आणि रविवारी सुट्टीच्या दिवशीही तेच करायचे. कारण ह्यांना वेड मोठ्या गाडीचं. लहान गाडीचं नावही काढू द्यायचे नाहीत. लांबलचक सेडान हवी, मागं बसणाऱ्याला पाय पसरता आले पाहिजेत, आणि त्या गाडीतून बंगळूर-कोल्हापूर करत थेट सांगलीला जायचं, माहेरच्या दारात मला उतरवायचं. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुन्या बघायच्या. आज वेळचेरी, उद्या अड्यार, परवा तांबरम. बघायच्या आणि नापास करायच्या!

इथं पूर येऊन गेल्यापासून तर ह्यांची तपासणी फारच कडक झाली होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढायचे, तळाशी गाळाची रेघ आहे का बघायचे. कार्पेट उचलून खाली नाक घालून वास घ्यायचे. मालक बिचारा ओशाळून उभा. आणि मग शेवटची परीक्षा, त्यात मी. मला मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवायचे, सगळ्या काचा बंद करायला लावायचे आणि म्हणायचे, डोळे मीट, नुसतं ऐक. मग स्वतः बाहेरून बोट वाकवून एकेका पत्र्यावर दोनदा वाजवत गाडीभोवती फिरायचे. पत्रा धड असला तर आवाज खणखणीत. ठोकर खाऊन आत पुट्टी भरलेली असली तर बद्द. आतून जास्त नीट कळतं, असं ह्यांचं म्हणणं. बद्द वाटलं की मी आतून ओरडायचं.

मी वैतागायची हो. लोक बायकोला बीचवर नेतात आणि हा माणूस मला परक्यांच्या शेडमध्ये, बंद गाडीत, घामाघूम करून बसवतो! हे नुसते हसायचे. म्हणायचे, तुझ्यासारखा कान आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये नाही. एवढ्यावर मी पुढच्या रविवारी परत तयार.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. गाडी न घेताच. मी तेव्हापासून सांगलीला गेलेच नाही. भाऊ बोलावून थकला. विमानाने ये, रेल्वेने ये, म्हणतो. त्याला कसं सांगू, की मला जायचंय ते ह्यांनी ठरवलं होतं तसंच.

मुग्धा, माझी लेक, सिरुसेरीला नोकरी करते. तिला हे न सांगता कळलं असावं. एक दिवस म्हणाली, आई, आपण घेऊ बाबांची गाडी. नंगनल्लूरमधल्या एका घरातल्या पांढऱ्या सेडानचे फोटो तिने दाखवले. मालक राव म्हणून, तंजावरकडचे मराठी. मुलगा परदेशात, रावांना आता दिसायला कमी, त्यामुळं गाडी नुसती उभी.

रविवारी सकाळी गेलो. आम्ही मराठी म्हटल्यावर रावांना कोण आनंद! त्यांची मराठी ऐकायला मोठी गोड... शब्द पोथीतले, हेल तमिळ, मधेच बरं बरं म्हणायला 'सरी सरी'. त्यांच्या बाईंनी लगेच कॉफी टाकली. मुग्धाने गाडी चालवून पाहिली, मीही मागं बसून चक्कर मारून आले. गुडघे पुढच्या सीटला कुठंच लागत नव्हते. सीटबेल्ट मी ओढून बघितला, स्वच्छ. कार्पेटखाली वास घेतला तर मुग्धा मला बघून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

गाडी परत पत्र्याच्या शेडमध्ये लावली. मुग्धा रावांबरोबर कागदपत्रं बघायला व्हरांड्यात गेली. मी म्हटलं, मी बसते जरा मागं, नेहमीसारखी डाव्या बाजूला. काचा वर होत्या, मागच्या काचांना ते काळे जाळीचे पडदे लावलेले. आत गार नव्हतं, पण शांत होतं. मी डोळे मिटले.

आणि बॉनेटवर दोनदा आवाज आला. टक टक.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. सवयच ती. मी ऐकत राहिले. उजवं फेंडर, खणखणीत. ड्रायव्हरचं दार, खणखणीत. मागचं उजवं दार, खणखणीत. मग डिकी. डिकीपाशी आवाज पोचला तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. अगं बाई, वाजवतंय कोण?

डोळे उघडायचे सोडून मी ते आणखी घट्ट मिटले. भीतीने नाही. उघडले तर थांबेल, म्हणून. आयुष्यात इतकं मन लावून मी कधी काही ऐकलं नसेल. डिकीवरून आवाज डावीकडं आला. मग माझ्या अगदी कानाशी. टक टक. हा वेगळा होता, बद्द. जरा थांबून परत तसाच. परत तसाच. पुढं सरकेचना.

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "बद्द आहे हो."

आवाज थांबला. मी वाट बघितली. मग डोळे उघडले. समोरच्या काचेतून व्हरांडा दिसत होता - राव, बाई, मुग्धा, तिघंही कॉफी पीत बसलेले. उतरून गाडीभोवती फिरले. माणूस नाही, मांजर नाही, कावळा नाही.

मी व्हरांड्यात गेले आणि सांगितलं, गाडी नको. मागचं डावं दार खराब आहे. राव दुखावले. दहादा सांगत राहिले की गाडीला कधी साधा ओरखडासुद्धा नाही. मुग्धाने दुपारी एक माहीतगार माणूस बोलावला होता, तो रंगाची जाडी मोजायचं मशीन घेऊन आला. त्याने ते दार वरपासून खालपर्यंत तपासलं. कंपनीचाच रंग, पुट्टीचा कण नाही. मुग्धा माझ्याकडं बघायला लागली. मी हटून बसले, नको म्हणजे नको. ह्यांनी नापास केलेली गाडी मी घेणार होय? पण ते तिथं कुणाला सांगणार?

घरी आल्यावर सांगितलं. मुग्धा रागावलेली होती, तिचा राग तिथंच ओसरला. लहानपणी या तपासणीत ती बाहेर ह्यांच्याबरोबर गाडीभोवती फिरायची, बोट धरून. तिने एवढंच विचारलं, "आई, आवाज कानाशी आला म्हणालीस ना? दाराचा पत्रा तर खाली असतो, तुझ्या मांडीपाशी."

"मग?"

"कानाशी काच येते."

मी तो आवाज परत आठवून बघितला. तशी मी रोजच आठवते. काचच होती. जाळीचा पडदा लागलेली काच, बद्दच वाजणार. आणि काचेवर पुट्टी कुणी तपासत नाही. आतल्या माणसाला बोलवायचं असलं की काच वाजवतात.

दुसऱ्या दिवशी मुग्धाने, गाडी आम्हीच घेतो म्हणून, रावांना फोन केला. गाडी आदल्या संध्याकाळीच विकली गेली होती, कुणाकडं ते त्यांनाही नीट सांगता येईना.

मुग्धाच्या ऑफिसमधली पोरं म्हणतात, उन्हाने शेडचा पत्रा तापून वाजला असेल. असेलही. पत्रा बॉनेटपासून सुरू करून ओळीने गाडीभोवती वाजतो का, ते मला माहीत नाही. 

मला फक्त एवढंच वाटतं... तीनदा काच वाजवली हो त्यांनी. दार आतून नुसतं ढकलायचं होतं.