करंट नसताना स्पीकर बोलला

आधीच सांगते, मी नर्स आहे. ख्रिस्ती आहे, प्रार्थना करते... पण 'प्रभू माझ्याशी बोलला' म्हणणाऱ्यांना 'आधी बीपी तपासून घ्या' असं सांगणारी बाई मी. आवाज, दृष्टान्त असलं काही कधी मानलं नाही.

तेलंगणात आदिलाबादचे चार जिल्हे झाले तेव्हा माझी बदलीची ऑर्डर निर्मलला निघाली. मी भीमपूरकडची, घरात मराठी. मोठ्या ताईला कॅन्सर झालेला, तिला माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून तिलाही क्वार्टरवर घेऊन आले. ड्यूटी संपली की रोज दुपारी क्वार्टरमागच्या चर्चमध्ये दोन तास गुडघे टेकायचे. मागणं एकच — ताई जगू दे.

ताई चिडायची. "माह्याजवळ बस ना. तिकडं काऊन जाऊन राह्यली व?"

"तुह्यासाठीच जाते, ताई."

एका दुपारी करंट गेलेला. चर्चमध्ये मी एकटीच. आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला — "चालू."

बस, एवढंच. मी उठून सगळं तपासलं. माइक कपाटात कुलूपबंद, अँप्लिफायरची वायर काढून ठेवलेली, बाहेर चिटपाखरू नाही. अंगावर काटा आला आणि, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. 'चालू ठेव' असंच म्हणाला ना तो? मी दोनाचे चार तास केले.

अकराव्या दिवशी ताई गेली. मी चर्चमध्येच होते. शेजारीण बोलवायला आली तोवर सगळं संपलं होतं.

दफन झाल्यावर आमच्या तेलुगू पास्टरांवर मी भडकले. त्यांना सगळे अय्यगारू म्हणतात. "चालू ठेव म्हणाला, आणि ताईला नेलं?"

ते म्हणाले, "अम्मा, तेलुगूत चालु म्हणजे पुरे."

मला ठाऊक नव्हतं असं नाही. भात वाढताना रोज ऐकते तो शब्द. ऱ्हस्व-दीर्घ कानाला कुठे कळतं... मला हवं ते मी ऐकलं. पुरे म्हणजे काय, ऊठ आणि बहिणीपाशी बस? हे मनात आलं खरं. पण मी मागे हटले नाही.

"मराठी बाईशी तेलुगूत काऊन बोलला मंग?"

"क्षमा मागा त्याची, अम्मा."

"त्यानं मागावी," मी म्हणाले.

तो आवाज कोणाचा, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. इलेक्ट्रिशियनलाही विचारून झालं.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली. ज्याची प्रार्थना ऐकली गेली तो उभा राहून सांगतो, मग सगळे आमेन म्हणतात, अशी आमची रीत. मी उभी राहिले. मराठीतच बोलले.

"माह्या ताईचा जीव मागितला. त्यानं देल्ला नाही. ती जवळ बस म्हणे, तं मी तिच्याजवळ बी नव्हती. हेच माही साक्ष."

कोणीच आमेन म्हणेना. मग मीच म्हणाले, आणि खाली बसले.