मामूंच्या होडीचे कायदे

मामूंच्या होडीत पाय ठेवण्याआधी आपले तळहात त्यांच्या नाकाखाली धरावे लागत. भलेभले साहेब धरत. मामू डोळे मिटून हुंगत आणि साबणाचा किंवा अत्तराचा नुसता संशय आला तरी काठावरच्या चिखलाकडे बोट दाखवत. "जा, माती लावून धुवा. मासा काय तुमच्या लग्नाला येतोय व्हय?"

नाथसागर धरणावर दिवसभरासाठी अख्खी होडी ठरवायची, गळ टाकायचे आणि उन्हं उतरली की परत, असा हा मामला. शहरातून आम्ही ऑफिसातली चौघं जायचो. आमच्या घरात मासा म्हणजे फक्त दशावतारातला पहिला. त्यामुळे मी धरलेला मासा तिथंच सोडून द्यायची. मामूंची त्याला हरकत नसे. "खा नाय तर सोडा, पण अदब पायजे," म्हणायचे.

अदब म्हणजे कायदेच होते. होडीत आरडाओरडा नाही. "किती मिळतील?" हा प्रश्न नाही. गळाला लावायची कणीक प्रत्येकानं आदल्या दिवशी घरी, स्वतःच्या हातानं मळायची, गूळ आणि दाण्याचं कूट घालून. दुसऱ्याकडून उसनी घ्यायची नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा, दुसऱ्याला मासा लागला की आपला गळ मुकाट वर घ्यायचा. दोऱ्या गुंततात, हे एक कारण. दुसरं मामू सांगत, "त्याचा टाइम आलाय. तुम्ही मधी नका येऊ." एकदा आमच्या मोठ्या साहेबांनी ऐकलं नाही, तर मामूंनी त्यांचा गळ काढून गुंडाळूनच ठेवला. मामूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ऑफिसात कुणाला बढती मिळाली की मी अजून मनातल्या मनात गळ वर घेते. दर वेळी जमतंच असं नाही.

त्यांची होडी कधी कोरडी परतली नव्हती. एवढा एकच गर्व त्या माणसाला होता.

मग लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला. शहरात नव्या कॉलन्या उठतच होत्या आणि नळ आठ-आठ दिवस येत नव्हता. ते पाणीही याच धरणाचं. तिकडे काठ इतका मागं सरकला की होडीपर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालत जावं लागे. शेवटी मामूंच्या मुलानं त्यांना शहरातल्या एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून लावून दिलं. सोमवारपासून. मामूंचा मला फोन आला, "ताई, रविवारी या. शेवटची फेरी हाय. इज्जतीनं जाऊ द्या मला."

आणि नेमका त्याच रविवारी घोळ झाला. मी मळून झाकून ठेवलेला गोळा सकाळी सासूबाईंच्या हाती लागला. सून सहलीला निघाली आणि दशम्या लाटायच्या विसरली, असं समजून त्या माउलीनं त्याच्या खरपूस दशम्या भाजून माझ्या पिशवीत ठेवल्या. मी होडीत फडकं सोडलं आणि कपाळावर हात मारला. सासूबाईंचा पराक्रम ऐकून मामूंनी एक तुकडा तोंडात टाकला. "आजींचा हात लई गोड हाय. पण ताई, तुम्ही आज नुसत्या बसा." उसनं नाही म्हणजे नाही!

दुपार कलली तरी बाकी तिघांच्या गळांना कुणी शिवलं नाही. मामू वल्हं मांडीवर घेऊन नुसते बसले होते. उद्याची वॉचमनची टोपी मला आत्ताच त्यांच्या डोक्यावर दिसायला लागली. मग माझं डोकंच फिरलं. या माणसानं असं कोरडं जायचं? मी दशमी कुस्करली, धरणाचं पाणी घेतलं आणि मळून मळून पुन्हा गोळा केला. "ही आता माझ्या हातची," मी ठणकावलं.

मामूंनी माझे तळहात हुंगले. "व्हय. कायद्यात बसतंय. टाका."

थोड्या वेळानं दोरी अशी ताणली की मी पुढंच झुकले. बाकीचे तीन गळ झटक्यात वर आले. "ढील द्या, ताई! ढील! आता वढा!" मामू ओरडत होते, स्वतःचाच कायदा मोडून! माझ्या दोन्ही हातांत मावेना असा कटला मासा होडीत आला. मामूंनी त्याच्या डोक्याला हात लावून तो पाण्यात सोडला. "जा बाबा. पाणी आलं की भेटू," म्हणाले. सोमवारी ते ताठ मानेनं गेटवर गेले.

पुढच्या वर्षी धरण भरलं. मी सांगायला धावत गेटवर गेले, तर खुर्चीवर नुसती टोपी. मामू सकाळीच होडीकडे निघून गेले होते.

आठवड्यात त्यांचा निरोप आला, "आजींना घेऊन या." सासूबाई, ज्यांनी जन्मात मासळीबाजाराच्या बाजूचा रस्ता धरला नव्हता, नऊवारी आवरत होडीत चढायला आल्या. मामूंनी त्यांचे तळहात हुंगले. तुपाचा घमघमाट! आम्ही चिखलाकडे बघितलं.

"ह्यांना माफ," मामू म्हणाले.

तासाभरात सासूबाई किंचाळल्या, "अगंबाई, ओढतंय की गं!" आम्ही चौघांनी गळ वर घेतले. मामूंनी वल्हं खाली ठेवलं आणि हात जोडले.

"वढा आजी. तुमचा टाइम आलाय."